मोतीचे गुरगुरणे दाबू नका

अमळनेरहून एका वाचक भगिनीने पाठवलेले पत्र मोठे असल्यामुळे ते पूर्ण छापता येत नाही. त्याचा आशय असा आहे. गेल्या दिवाळीत चोपड्याकडच्या त्यांच्या बहिणीच्या मळ्यातून मोती नावाचे गावठी पिल्लू घरी आले आणि आता ते वर्षाचे होत आले आहे. घरात पती, दुसरीत शिकणारा मुलगा आणि नुकतेच शेतीतून मोकळे झालेले सासरे आहेत, ज्यांना सगळे आबा म्हणतात. मोती दिवसभर अंगणातल्या निंबाखाली साखळीला असतो, सुटला की येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारतो, फाटक उघडे दिसले की मोटारसायकलींच्या मागे धावतो आणि हाक मारली तर येत नाही. मालक कोण हे त्याला कळावे म्हणून आबा अधूनमधून त्याच्यासमोरचे भांडे उचलून घेतात. महिन्यापूर्वी मुलगा त्या भांड्याजवळ गेला तेव्हा मोती गुरगुरला आणि आबांनी त्याला काठीने चोपून काढले. तेव्हापासून तो गुरगुरत नाही, मात्र कुणी जवळ गेले की 'जागच्या जागी ताठ होतो', असे ताई लिहितात. काठीशिवाय जनावर वळत नाही, हे आबांचे मत आहे. पतीने जळगावकडच्या एका प्रशिक्षकाला दोन हजार रुपये इसार दिला असून तो मोतीला महिनाभर आपल्याकडे ठेवून, काटेरी पट्टा लावून 'सरळ' करून देणार आहे. मारझोड न करता गावठी कुत्रा शिकतो का, लाडाने तो डोक्यावर बसणार नाही का आणि आबांना हे कसे पटवावे, असे ताईंचे प्रश्न आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात उड्या मारणे आणि हाकेला न येणे या तक्रारींना दोन पाने मिळाली आहेत आणि मोतीच्या ताठ होण्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. मी मात्र त्या एका ओळीपासूनच सुरुवात करणार आहे, कारण बाकीच्या सवयी त्रासदायक असल्या तरी घरातल्या लहान मुलाच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट तेवढी एकच आहे आणि तुमच्या घरात तीच सुधारली असे समजले जात आहे.

कुत्रा एकदम चावत नाही. खाताना कुणी जवळ आलेले त्याला नको असेल, तर तो आधी भराभर खाऊ लागतो, मान भांड्यावर आणखी खाली घालतो, अंग ताठ करतो आणि डोके न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो, तेव्हा त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. एवढ्यानेही समोरचा मागे सरला नाही, तर ओठ वर उचलतो, मग गुरगुरतो आणि त्यानंतरच दात लावतो. गुरगुरणे ही या सगळ्या इशाऱ्यांपैकी माणसाला सहज कळणारी एकमेव सूचना असते, कारण आधीच्या खुणा सात वर्षांच्या मुलालाच काय, मोठ्यांनाही ओळखू येत नाहीत. आबांच्या काठीने ती सूचना बंद झाली. माणूस भांड्याजवळ आला की आपले अन्न जाते ही मोतीची धास्ती मात्र होती तिथेच राहिली, आणि आता तिच्यात मारही बसतो या अनुभवाची भर पडली. म्हणजे महिन्यापूर्वी तुमच्याकडे आवाज करून बजावणारा कुत्रा होता आणि आज न बजावता चावू शकेल असा कुत्रा आहे. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. दवाखान्यात 'काही कारण नसताना अचानक चावला' म्हणून आणल्या जाणाऱ्या कुत्र्यांची चौकशी केली की बरेचदा असाच काहीतरी पूर्वेतिहास निघतो.

म्हणून पहिली व्यवस्था आजच्या संध्याकाळपासून करा. मोतीला मागच्या पडवीत किंवा जिथे दार ओढून घेता येईल अशा ठिकाणी एकट्याला जेवू द्या. तो जेवत असताना, हाडूक चघळत असताना किंवा झोपलेला असताना मुलाने त्याच्याजवळ जायचे नाही, हा नियम मुलाला न रागावता पण रोज सांगा. रिकामे भांडे उचलायचे असेल तर आधी मोतीला दुसरीकडे बोलवा आणि मगच उचला. आबांना भांडे काढून घेण्याचा प्रयोग थांबवण्याची विनंती करा. या प्रयोगातून कुत्र्याला मालक कळतो असा समज सर्वत्र आहे, परंतु कुत्र्याला त्यातून एवढेच कळते की हा माणूस भांड्याकडे येतो तो अन्न न्यायलाच येतो. मोती मळ्यावर पाच-सहा भावंडांबरोबर एकाच ताटलीत वाढला असेल, तर भराभर खाणे आणि दुसऱ्याला हुसकावणे हे त्याने डोळे उघडल्यापासून केलेले आहे. त्यावर भांडे हिसकावण्याचा प्रयोग म्हणजे आगीत तेल आहे.

आता ही धास्ती घालवायची कशी, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. हे काम घरातल्या एका मोठ्या माणसाने करायचे आहे आणि ते तुम्हीच करावे असे मला वाटते. मोतीला त्याची नेहमीची दूध-भाकर वाढा आणि तुम्ही दहा-बारा फुटांवर जा. उकडलेल्या अंड्याचे किंवा चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे हातात ठेवा. तिथून एक-दोन पावले त्याच्या दिशेने या, एक तुकडा त्याच्या भांड्याजवळ पडेल असा टाका आणि पाठ फिरवून परत जा. थांबायचे नाही, वाकायचे नाही, त्याच्याकडे टक लावून पाहायचे नाही, गोंजारायचे तर नाहीच. एका जेवणात असे पाच-सहा वेळा पुरे. काही दिवसांत तुम्हाला एक गोष्ट दिसेल: तुमचे पाऊल वाजताच मोती भांड्यातून तोंड वर काढील, त्याचे अंग सैल असेल, शेपटी ढिली हलत असेल आणि तो तुमच्या हाताकडे पाहू लागेल. त्या दिवशी अंतर एका पावलाने कमी करा, त्याआधी नाही. एखाद्या दिवशी तो पुन्हा ताठ झाला तर तुम्ही घाई केली आहे, असे समजून दोन पावले मागच्या अंतरावर जा. शेवटी तुम्ही भांड्याशेजारी उभ्या राहून तुकडा आत टाकू शकाल. यापुढे जाऊन भांडे हातात घेण्याची घाई करू नका आणि मुलाला तर या सरावात घेऊच नका. पाच-सहा फुटांच्या आत येताच तो दात दाखवू लागला किंवा झेपावला, तर सराव थांबवून पशुवैद्यांना प्रत्यक्ष दाखवा.

दाखवायचेच म्हटले तर सराव सुरू करण्यापूर्वीही एकदा दाखवून घ्या. दुखणाऱ्या कानामुळे, किडलेल्या दातामुळे किंवा गोचिडांमुळे येणाऱ्या तापामुळे कुत्री चिडचिडी होतात आणि निंबाखाली बांधलेल्या गावठी कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड नसेल तरच नवल. तुम्ही रेबीजच्या लसीविषयी काही लिहिलेले नाही. ती पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी लागते आणि नंतर दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. राहिली असेल तर याच फेरीत द्या. आणि देव न करो, पण दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. आपल्याकडे अजूनही जखमेत मिरचीची पूड किंवा चुना भरणारी हौशी मंडळी आहेत. त्यांना जवळ फिरकू देऊ नका.

गावठी कुत्रा शिकत नाही, हा तुमच्या प्रश्नामागचा समज मला मान्य नाही. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर चालणारे कुत्रे तुम्ही पाहिले असतील. कोकरांमध्ये वाढलेले ते कुत्रे कोकराला दात लावत नाहीत आणि रात्री लांडग्याची चाहूल लागताच सगळा वाडा जागा करतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लाला जे जे चांगल्या रीतीने भेटते, ते त्याला आयुष्यभर आपले वाटते. मोतीचा तो काळ मळ्यावर गेला, जिथे मोटारसायकली कमी आणि पाहुणे त्याहून कमी, त्यामुळे या गोष्टी पाहून तो बिथरतो किंवा वेडापिसा होतो यात त्याच्या जातीचा दोष नाही. शिवाय सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचे वय हे कुत्र्याचे उनाडपणाचे वय असते. कालपर्यंत येणारा कुत्रा आज हाक ऐकून न ऐकल्यासारखे करतो. उरलेले शिक्षण आता थोडे जास्त चिकाटीने करावे लागेल, एवढाच याचा अर्थ.

शिकण्याची रीत सोपी आहे. ज्या कृतीनंतर काही चांगले मिळते ती कृती जनावर पुन्हा करते; अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून हे मांडले आणि पुढे बी. एफ. स्किनर यांनी त्याची बारकाईने मांडणी केली. डॉल्फिनला पाण्यात पट्टा बांधता येत नाही आणि काठीही मारता येत नाही, कारण तो सरळ दूर पोहत जातो. तरी तो शिटी आणि मासळी यांच्या जोरावर हव्या तशा उड्या मारायला शिकतो. यातली शिटी महत्त्वाची आहे. खाऊ कृतीनंतर लगेच, सेकंदाभरात मिळाला तरच तो कशाबद्दल मिळाला हे जनावराला उमगते आणि तेवढ्या वेळात हात खिशातून तोंडापर्यंत पोचत नाही. म्हणून एक छोटा शब्द ठरवा, 'छान' किंवा 'हां', आणि दोन दिवस दुसरे काहीही न करता तो शब्द उच्चारून लगेच तुकडा देत राहा. मोती शब्द ऐकताच तुमच्याकडे वळू लागला की तुमच्या हातात शिटी आली. मग तो बसला त्या क्षणी 'छान', चारही पाय जमिनीवर असताना 'छान', हाकेला वळला त्या क्षणी 'छान', आणि तुकडा त्यामागून.

तुकडे कशाचे असावेत, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. पोटभर दूध-भाकर खाल्लेल्या कुत्र्याला भाकरीच्याच तुकड्याचे अप्रूप वाटत नाही. सराव जेवणापूर्वी करा. अंडे, चिकन, पनीर, आणि तुमच्याकडे मुबलक असलेल्या केळीचे लहान काप चालतात. मनुके, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा-लसूण कुत्र्याला अपायकारक आहेत, म्हणून शेवभाजीचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतून देण्याची पद्धत बंद करावी लागेल. दिवसभरातले सगळे तुकडे मिळून त्याच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

हाकेला न येण्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. फाटकाबाहेर गेलेला मोती परत आला की त्याला फटका बसतो आणि साखळी लागते, असे तुम्ही लिहिता. तुमच्या दृष्टीने फटका बाहेर पळण्याबद्दल असतो, परंतु मोतीने शेवटची केलेली गोष्ट परत येणे ही असते आणि त्याला शिक्षा त्याचीच मिळते. आबा 'आठे ये' म्हणतात, तुम्ही 'ये' म्हणता आणि मुलगा 'कम' म्हणतो. या तिन्ही हाकांना आता फटक्याचा वास लागलेला आहे. एक नवीन हाक ठरवा आणि ती घरातल्या सगळ्यांनी तशीच, आनंदी आवाजात वापरायची. सुरुवात ओट्यावर चार पावलांवरून करा, मग अंगणात, आणि मग दहा मीटरच्या दोरावर मोकळ्या शेतात. दोर गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे धावत दोराच्या टोकाला पोचला तरी मानेला हिसका बसणार नाही. तो आला की प्रत्येक वेळी काहीतरी चांगले मिळाले पाहिजे आणि दहातल्या आठ वेळा त्याला पुन्हा मोकळे सोडले पाहिजे. आंघोळीसाठी, औषधासाठी किंवा बांधण्यासाठी ही हाक कधीही मारायची नाही. त्या कामांसाठी तुम्ही उठून त्याच्याकडे जायचे. आणि फाटकातून पळून तासाभराने परत आला, तरी दात-ओठ खायचे ते मनातल्या मनात, वरून शाबासकीच. हे आबांना सगळ्यांत अवघड जाईल. मोटारसायकलींबद्दल एवढेच सांगते की फाटकाला आपोआप बंद होणारी कडी बसवा, कारण धावत्या वस्तूमागे धावण्यातच कुत्र्याला बक्षीस मिळते आणि प्रत्येक पाठलागाने ती सवय पक्की होते.

उड्या मारण्याचे तसेच. कुत्रा उडी मारतो ती तोंडाजवळ येऊन भेटण्यासाठी, आणि त्याला हाताने ढकलले, गुडघा लावला किंवा मुलगा किंचाळत पळाला, तर त्याच्या लेखी भेट साजरी झाली. पाहुणा आला की मोतीला दोरावर ठेवा, उडी मारताच पाहुण्याने तोंड फिरवावे, पाय जमिनीला लागताच 'छान' म्हणून तुकडा खाली जमिनीवर टाकावा, म्हणजे त्याचे लक्षही खालीच राहते. दहा पाहुण्यांपैकी एकाने जरी 'असू द्या हो, मला आवडतात कुत्री' म्हणत उडी मारणाऱ्या मोतीला कुरवाळले, तरी सवय जाणार नाही. अधूनमधून मिळणारे बक्षीस सवयीला नेहमीच्या बक्षिसापेक्षा अधिक घट्ट करते. पहिल्या आठवड्यात उड्या वाढतील, कारण जे आजवर चालत होते ते अचानक का चालत नाही म्हणून तो जोर लावून पाहील. नेमक्या त्याच वेळी लोक 'याचा काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात.

यातले बरेचसे काम तुमचा मुलगा भांड्यापासून दूर, तुम्ही शेजारी असताना करू शकतो. त्याने लपायचे, हाक मारायची आणि मोतीने शोधून काढल्यावर तुकडा जमिनीवर टाकायचा, हा खेळ दोघांनाही आवडेल आणि महिन्यापूर्वी जे बिनसले ते सांधायला मदत होईल.

साखळीविषयी लिहिणे मला भाग आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये मारहाण तर येतेच, पण अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणेही येते. कायदा बाजूला ठेवला, तरी दिवसभर एका जागी खिळलेला तरुण कुत्रा सुटल्यावर वेडावणार नाही तर काय करील? सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास त्याला बाहेर न्या आणि त्या वेळी नुसते ओढत चालवू नका, थांबून वास घेऊ द्या. वास घेतल्याने कुत्रा जितका शांत होतो तितका धावण्याने होत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा फिरणे उजाडण्यापूर्वी उरका. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर त्याचे पायही भाजतात. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला काही शिकवायला जाऊ नये.

आता 'डोक्यावर बसेल' या भीतीविषयी. कळपात एक सरदार असतो आणि मालकाने दरारा दाखवून ती जागा घ्यायची असते, ही कल्पना मुख्यतः लांडग्यांच्या अभ्यासातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणे पाहून तशी मांडणी केली आणि अमेरिकेतील अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील पुस्तकाने ती लोकप्रिय झाली. पुढे याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वच्छ लिहिले की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरे असतात, तिथे गादीसाठी मारामारी चालत नाही. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली, पण आपल्याकडचे काटेरी पट्टे अजून तिच्याच आधारावर विकले जातात. शिवाय प्रेमाने शिकवणे म्हणजे सगळे चालवून घेणे असा अर्थ कुणी काढू नये. वर लिहिलेल्या पद्धतीत मोतीला जेवण, फिरणे आणि पाहुण्यांची भेट हे सगळे तुम्ही सांगितलेले केल्यावरच मिळते. शिस्त यात काठीच्या पद्धतीपेक्षा जास्त आहे, फक्त ती माणसांनाही पाळावी लागते.

आबांना हे लांडग्यांचे पुराण ऐकवू नका आणि हे सदरही त्यांच्यासमोर वाचून दाखवू नका. सुनेने आणि कुठल्याशा डॉक्टरीणबाईंनी मिळून शिकवावे, हे त्या वयात कुणालाही रुचत नाही. त्यांनी जन्मभर बैल सांभाळले आहेत. नवा गोऱ्हा त्यांनी पहिल्याच दिवशी औताला जुंपून चाबकाने नांगरटीला लावला नसणार. मूठभर सरकीची ढेप दाखवून त्याला जवळ यायला, मग खांद्यावर जू ठेवून घ्यायला आणि मग जाणत्या बैलाशेजारी रिकामे चालायला लावले असणार. त्यांना तेच विचारा, गोऱ्हा कसा वळवत होतात ते. सांगता सांगता ढेपेचा विषय निघेल, तेव्हा अंड्याच्या तुकड्यांची वाटी त्यांच्या हातात द्या आणि मोतीला 'बस' शिकवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा: तुकडा नाकासमोरून किंचित वर आणि मागे नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप टेकते, त्याच क्षणी 'छान'. कुठल्याही कुत्र्याला ही एक गोष्ट सर्वांत लवकर येते आणि शिकवणाऱ्याला तिचे मोठे कौतुक वाटते. कुत्रा आपल्या हाताकडे आशेने पाहू लागला की त्याच हातात काठी घेणे माणसाला जड जाते.

खाऊ जन्मभर खिशात ठेवायचा का, असे तुम्ही कंसात विचारले आहे. नाही. गोष्ट पक्की झाली की तुकडा कधी पहिल्या वेळी, कधी चौथ्या वेळी द्यायचा. मध्ये शब्दाची शाबासकी, कान खाजवणे, फाटक उघडून बाहेर नेणे यांवर भागते. अपवाद एक, हाकेला येणे. त्याचे मोल कायम चुकवत राहा, कारण त्याच हाकेवर एखाद्या दिवशी राज्य मार्गावरच्या ट्रकसमोरून मोती परत फिरायचा आहे.

राहता राहिला जळगावकडचा प्रशिक्षक. काटेरी पट्टा ओढला की काटे मानेत रुततात. कुत्रा दुखले म्हणून थांबतो, आणि दुखण्याच्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी ते दुखणे जोडतो. रशियातील इव्हान पाव्हलॉव यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक पचनाच्या संशोधनासाठी मिळाले, पण त्यांचे नाव घरोघरी पोचले ते कुत्रा अशी सांगड किती सहज घालतो हे दाखवल्यामुळे. मोतीच्या समोर त्या क्षणी एखादे लहान मूल असले तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा. शिवाय महिनाभर परक्या जागी शिकलेला कुत्रा घरी येतो तेव्हा घरातली माणसे, हाका आणि भांडे हिसकावण्याची रीत होती तशीच असते. पुढे कधी प्रशिक्षकाची मदत घ्यावीशी वाटली, तर त्याला एवढेच विचारा की कुत्र्याचे बरोबर आले तर तुम्ही काय करता आणि चुकले तर काय करता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तो टाळाटाळ करू लागला किंवा मालकासमोर शिकवायला नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. ठरलेल्या तारखेच्या आधी फोन करून त्या गृहस्थांना नकार कळवा. इसार परत मिळाला तर उत्तम; नाही मिळाला तर दोन हजार रुपयांवर पाणी सोडा, पण मोतीला तिकडे पाठवू नका.